सुई वळली, तार निसटली

"बादली! अगं साबणे, बादली इकडे कर, तोंड तिकडे करून उभी काय राहिलीस!"

मावशी ओरडली आणि साबणीने डोळे मिटूनच बादली पुढे सरकवली. मावशीचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. गाय उभीच होती. डाव्या कुशीला बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे तिला वीतभर कापल्याचं काही कळत नव्हतं. ती नुसती पाठीला बाक काढून कण्हत होती. मावशीने हात बाहेर काढला. मुठीत हिरवट-काळा, वाफाळणारा, आंबलेला चोथा होता. तो बादलीत पडला, पचाक्!

"शीऽऽ! मला उलटी येतेय!"

"येऊ दे. बादली सांडू नकोस म्हणजे झालं."

साबणी बारा वर्षांची. दिवसातून पंधरा वेळा हात धुते म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव तिला अगदी चिकटून बसलं होतं. सुट्टीला ती मावशीकडे आली होती. मावशी जनावरांची डॉक्टर, आणि तिची दोन मुलं म्हणजे साबणीची मावसभावंडं: तेरा वर्षांचा ढापण्या, ज्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड होत्या, आणि नऊ वर्षांची बारकी, जिला जगात कशाचीच किळस येत नसे. आत्ताही ती बादलीत वाकून पाहत होती.

"आई, यात तार आहे!"

"माहीत आहे मला." मावशीचा आवाज एकदम थंड झाला. "गाय काही चावून-बिवून खात नाही गं. आधी गिळते, मग निवांत रवंथ करते. खिळा असो, तार असो, सगळं थेट पोटात. पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतं. आणि त्या कप्प्याच्या भिंतीपलीकडेच हृदय असतं."

तिने खिशातून बोटाएवढा एक गुळगुळीत लोहचुंबक काढला, मुठीत धरून पुन्हा हात आत घातला आणि बराच वेळ चाचपडत राहिली. हात बाहेर आला तेव्हा चुंबकाची दोन्ही टोकं पार केसाळ झाली होती. बारीक, चकचकीत तारांचे झुबके त्यांवर ताठ उभे राहिले होते आणि त्यांवरून हिरवा चिकट रस ओघळत होता. चुंबकाचा मधला भाग मात्र जवळजवळ कोरा होता.

"या महिन्यातली ही चौथी गाय," मावशी म्हणाली.

गाईची मालकीण, गोठेवाल्या काकू, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "वाचेल ना हो?"

मावशीने सुईत दोरा ओवला.

सकाळी काकूंचा निरोप आला. गाय गेली होती.

त्या दिवशी साबणीने नाश्त्याला हात लावला नाही. पण किळस म्हणून नव्हे. तिने त्या तारा मागून घेतल्या, साबणाच्या पाण्यात तीनदा धुतल्या आणि कागदावर मांडल्या. ढापण्याने भिंग आणलं.

"सगळ्या सारख्याच आहेत," साबणी म्हणाली. "बोटाच्या पेराएवढ्या. आणि टोकं बघ, तिरकी कापलेली. हे रस्त्यावर पडलेलं गंजकं भंगार नाहीये."

"म्हणजे कुठल्या तरी पात्याने कापलंय," ढापण्या म्हणाला. "एकाच पात्याने."

"आणि चारही गाई वेगवेगळ्या गोठ्यांतल्या! मग सगळ्यांत सारखं काय?"

"शेपूट!" बारकी म्हणाली.

"गप गं! खाणं! त्या खातात काय?"

चारही गोठ्यांत एकाच कारखान्याचं पशुखाद्य येत होतं. हे कळायला अर्धा तास आणि चार फोन लागले. काकूंनी उरलेलं अर्धं पोतं देऊन टाकलं. "न्या बाबांनो. मला ते डोळ्यांसमोर नको."

अंगणात जुनी चादर अंथरून तिघांनी पोतं उपडं केलं. उसाच्या आंबट-गोड मळीचा असा भपकारा आला की ढापण्याच्या चष्म्यावर वाफ धरली. कुट्टी केलेलं गवत, भुसा, मळीचे चिकट गोळे. आणि पोतं ओलं झालेल्या बाजूला पांढऱ्या, लठ्ठ अळ्या वळवळत होत्या.

"ईऽऽ! अरे देवा, या चालतायत!"

"अळ्याच आहेत, चालणारच," बारकी म्हणाली आणि तिने हातानेच खाद्य चिवडायला सुरुवात केली. साबणीने कोपरापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, नाकाला रुमाल बांधला आणि दात-ओठ खाऊन तीही बसली. दोन तासांनी चादरीच्या कोपऱ्यात अकरा तारा जमल्या. अर्ध्या पोत्यात अकरा! सगळ्यांची टोकं तिरकी.

मावशीने त्या पाहिल्या आणि तिचे ओठ घट्ट मिटले. "मला शंका होतीच, म्हणून मी त्यांच्या व्यवस्थापकाशी गेल्याच आठवड्यात बोलले होते. म्हणे, आमच्याकडे खाद्य चुंबकातून गाळलं जातं, लोखंडाचा कण सुटत नाही, तुमच्या गोठेवाल्यांनाच शिस्त नाही. चला. आज जाऊनच बघू."

कारखान्यात शिरल्याबरोबर साबणीचे बूट जमिनीला चिकटू लागले. पाऊल उचललं की चर्र आवाज. सगळीकडे मळी सांडलेली, तिच्यावर भुसा बसलेला, भुशावर माशा. एका बाजूला तारेने आवळलेल्या गवताच्या गाठींचा ढीग होता. साबणी बघत होती तोवर एका कामगाराने एक अख्खी गाठ उचलली आणि तारेसकट कुट्टीयंत्रात लोटून दिली. खर्रर्र! पाती फिरली.

"अहो, तार काढा ना आधी!" ती ओरडली.

"चुंबक काढतो ती," कामगार हसून म्हणाला. "तेच तर त्याचं काम."

एवढ्या घाणीत व्यवस्थापक साहेब मात्र नुकतेच पेटीतून काढल्यासारखे दिसत होते. शर्ट पांढराशुभ्र, बाहीची घडी अशी कडक की बोट कापेल. बारकीने तिथल्या तिथे त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं.

"या डॉक्टरीणबाई, या! मुलांची सहल वाटतं?" त्यांनी कपाळावर आठ्या घालून अकरा तारांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "हे आमच्याकडचं असूच शकत नाही. दाखवतो ना. फिटर, झाकण उघडा!"

एक म्हातारेसे, तेलकट कपड्यांतले फिटरकाका पुढे आले. त्यांनी वरून खाली येणाऱ्या रुंद पन्हळीचं झाकण उघडलं. पन्हळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन मोठे, सपाट, चौकोनी चुंबक बसवले होते. मधल्या फटीतून सगळं खाद्य खाली पडायचं.

इस्त्रीसाहेबांनी खिशातून दोऱ्याला बांधलेली एक छोटी चुंबकसुई काढली. "आता बघा हं जादू!" त्यांनी ती दोन चुंबकांच्या मधोमध सोडली. सुई गर्रकन फिरली आणि एका चुंबकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवत ताठ उभी राहिली. त्यांनी तिला टिचकी मारली. सुई थरथरली आणि पुन्हा तशीच ताठ.

"शिपायासारखी सलाम ठोकते! आहे की नाही ताकद? तपासायला येतात तेसुद्धा हेच पाहून सही करतात."

"खरंच जबरदस्त आहे," ढापण्या पुटपुटला. मावशीही गोंधळली. चुंबक तर चालू होते.

साबणी वाकून आत पाहत होती. तिला काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग एकदम ध्यानात आलं. या अख्ख्या कारखान्यात ही एकच जागा अशी होती की जिथे पाहून पोटात ढवळत नव्हतं! चुंबकांचे सपाट चेहरे ताटासारखे स्वच्छ होते. फक्त त्यांच्या कडेकडेने तारांची विरळ मिशी फुटली होती.

मावशीचा बोटाएवढा चुंबक एका गाईच्या पोटातून केवढी घाण घेऊन आला होता! आणि हे एवढे मोठे धोंडे, दिवसभर त्यांच्यामधून खाद्य जातंय, आणि यांच्या तोंडावर काहीच नाही?

"साहेब, हे आत्ताच पुसलंय का?"

"छे! पुसावंच लागत नाही. तीच तर सुधारणा केली मी. पूर्वी दर पाळीला तासभर यंत्र बंद ठेवून घाण खरवडत बसायचे हे लोक."

"पूर्वी म्हणजे? पूर्वी वेगळं होतं का?"

फिटरकाकांनी मान वर केली. त्यांची नजर साहेबांकडे गेली आणि ते पुन्हा खाली बघू लागले.

"बरं, झालं का समाधान?" साहेबांनी सुई खिशात ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. "गोठ्यात झाडू मारत जा म्हणावं. आमच्या नावाने कशाला खडे फोडता!"

घरी येईपर्यंत बारकी इस्त्रीसाहेबांची नक्कल करत होती. साबणी आल्या आल्या मोरीत गेली. हात धुता धुता तिने तिथूनच हाक मारली, "ढापण्या! सुई वळली ना?"

"वळली की! सगळ्यांनी पाहिलं."

"पण सरकली का? दोरा सरळ खाली लोंबत होता. ती ना या चुंबकाकडे ओढली गेली, ना त्या. नुसती जागच्या जागी फिरली!"

ढापण्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चल, करून बघू."

शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासून त्यांनी तिला चुंबक बनवलं, बुचाच्या चकतीवर ठेवलं आणि परातभर पाण्यात तरंगायला सोडलं. सुई हळूहळू वळली आणि उत्तर-दक्षिण उभी राहिली. तिघं वाट पाहत बसले. पाच मिनिटं झाली.

"उत्तरेकडे जात का नाहीये?" बारकीने विचारलं. "पृथ्वी ओढते ना तिला?"

"वळवते," साबणी सावकाश म्हणाली. "ओढत नाही."

मग मावशीचा बोटाएवढा चुंबक परातीच्या कडेला नेला. बूच सुईसकट गर्रकन वळलं आणि भिरभिरत येऊन कडेवर आपटलं, टक्!

"ही ओढ!"

मावशीच्या औषधांच्या जुन्या कपाटाच्या दाराला दोन सपाट, रुंद चुंबक होते. ते निघाले, म्हणजे ढापण्याने ते काढले आणि कपाट दोरीने बांधून ठेवलं. परातीत दोन विटा उभ्या करून त्यांना टेकवून ते समोरासमोर बसवले आणि मधल्या पाण्यात बूच सोडलं. मधोमध असेपर्यंत सुई ताठ, पण जागची हलेना. पण बूच जरा कडेपाशी नेलं, की लगेच ओढ घेत होतं.

"हे असं का?" साबणी वैतागली. "चुंबक तर तेच!"

ढापण्या कागदावर रेघा मारू लागला. "हे बघ. सुईला दोन टोकं. एक टोक उजवीकडे खेचलं जातं, दुसरं डावीकडे. सपाट चुंबकांच्या मधोमध जोर सगळीकडे सारखा. मग काय होणार?"

"रस्सीखेच!" साबणी उडालीच. "दोन्ही बाजूंना सारखेच पैलवान! दोरी ताठ होणार, पण तसूभर सरकणार नाही!"

"शाब्बास! आणि चुंबकाच्या टोकापाशी, कडेपाशी, जोर सारखा नसतो. जवळच्या टोकाला चार पैलवान आणि लांबच्याला दोनच. मग दोरी..."

"चार जणांकडे! पण तार काही चुंबक नसते ना?"

"लोखंडाची असते. चुंबकाजवळ आली की तीही तेवढ्यापुरती चुंबक होते. म्हणजे तिलाही दोन टोकं आली."

"म्हणजे खाद्यातली तार त्या फटीत पडते, ताठ आडवी होते, साहेबांना सलाम ठोकते आणि सरळ खाली गाईच्या पोटात जाते!" साबणीच्या अंगावर काटा आला. "शी! काय घाणेरडा प्रकार आहे हा!"

"मग चुंबकाला खूप कडा पाहिजेत," बारकी म्हणाली. "खूप खूप कडा. करवतीसारख्या!"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग ढापण्या करवत आणायला धावला.

करवतीचं पातं एका सपाट चुंबकाला चिकटवलं आणि वरून काकूंच्या पोत्यातल्या अकरा तारा सोडल्या. सट्, सट्, सट्! दहा तारा करवतीच्या दात्यांवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिघं कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी फिटरकाकांना गाठून उभे होते. करवतीची गोष्ट ऐकताच काकांच्या हातातला घास तसाच राहिला.

"अरे, तेच तर होतं! दातेरी पट्ट्या होत्या लोखंडाच्या, दोन्ही चुंबकांवर. दात्यादात्याला तारा, मळी, कुजका भुसा, कधी उंदराचं शेपूट. हे असं चिकटून बसायचं!" त्यांनी बोटांची टोकं दाखवली, सगळी जुन्या ओरखड्यांनी भरलेली. "साहेब म्हणाले, घाण दिसते, वेळ जातो, काढून टाका. सपाट चुंबक उघडा राहिला की जास्तच ताकद. वर ती सुई फिरवून दाखवली. मला पटत नव्हतं, पण पटत नाही म्हणजे काय ते सांगता येईना. आणि तोंड उघडलं असतं तर घरी बसलो असतो."

"पट्ट्या कुठे आहेत, काका?"

काकांनी मान खाली घातली. "मीच टाकल्या. मागच्या खड्ड्यात."

खड्ड्याचा वास खड्ड्याच्या वीस पावलं आधीच आला. कारखान्याचं सगळं सांडपाणी, सडलेलं खाद्य, जुनी मळी तिथे साचत होती. वर गंजलेली लोखंडी जाळी, तिच्या गजांतून दिसणारा काळा, फसफसणारा रबरबाट, मधूनच फुटणारा एखादा बुडबुडा. ढापण्याने एकदाच श्वास घेतला, कोपऱ्यात गेला आणि ओकला.

"मी दोरीला चुंबक बांधून आणलाय," तो तोंड पुसत म्हणाला. "वरूनच ओढून काढू." त्याने चुंबक सोडला. ठण्ण! चुंबक जाळीलाच जाऊन चिकटला.

"वा रे शास्त्रज्ञ!" बारकी म्हणाली.

जाळीचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. फिटरकाकांचा आणि ढापण्याचा दंड गजांमधून जाईना. बारकीचा हात खाली पोचेना. मग तिघंही साबणीकडे पाहू लागले.

"नाही," साबणी म्हणाली. "नाही, नाही आणि नाही!"

खाली एक बुडबुडा फुटला. साबणीला गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकू आठवल्या. मग ती पांढरी बाही आणि रुमालाने पुसलेली ती बोटं आठवली, आणि तिला खड्ड्यापेक्षाही जास्त किळस त्या बोटांची आली.

ती जाळीवर पालथी पडली. डोळे मिटले, ओठ मिटले आणि हात आत घातला. आधी मनगट. मग कोपर. रबरबाट कोमट होता, हे सगळ्यांत वाईट. काहीतरी मऊ बोटांना लागून सरकलं. तिच्या घशातून विचित्र आवाज निघाला. खांद्यापर्यंत हात गेला, गाल गंजक्या गजाला टेकला, आणि बोटांना काहीतरी टोचलं.

"दाते!" ती किंचाळली. "दाते लागले! ओढा मला!"

काळ्या चिखलाने माखलेली, हातभर लांबीची एक पट्टी उभी होऊन गजांतून वर आली. मग दुसरी. मग साबणी उठून बसली, आपल्या काळ्या हाताकडे पाहिलं आणि ढापण्याच्या शेजारी जाऊन तीही ओकली.

फिटरकाकांनी स्वतःच्या गळ्यातला स्वच्छ पंचा काढून तिच्या हाताला गुंडाळला.

"आता सरळ कारखान्याच्या मालकीणबाईंकडे जाऊ," ढापण्या म्हणाला.

"आणि साहेब परत सुई फिरवून दाखवतील!" साबणी म्हणाली. "नाही. साहेबांनाच परीक्षा द्यायला लावायची. सगळ्यांसमोर."

बारकीने आईची गुलाबी नखपॉलिशची बाटली पळवली होती. तारेचे चाळीस तुकडे गुलाबी झाले. मावशीने सगळी हकिकत ऐकून कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पन्हळीसमोर हजर झाल्या. काठी टेकत चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. कामगारही जमले.

इस्त्रीसाहेब खुशीत होते. त्यांनी सुई फिरवली. सुईने सलाम ठोकला.

"फारच ताकदवान आहे हो!" साबणी अगदी भोळेपणाने म्हणाली. "मग बादलीभर खाद्यात वीस तारा टाकल्या तर वीसच्या वीस पकडेल?"

"वीस काय, दोनशे टाक!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" बारकीने विचारलं.

वीस गुलाबी तारा खाद्यात मिसळल्या. खाली पांढरी चादर धरली. वरून बादली ओतली. मालकीणबाई स्वतः खुर्ची ओढून चादरीपाशी बसल्या आणि मुलं खाद्य चिवडू लागली.

"एक," बारकी ओरडली. "दोन! तीन, चार... ही बघा, पाच!"

आकडा दहावर गेला तेव्हा कामगारांची कुजबुज थांबली. सोळावर गेला तेव्हा साहेबांचा चेहरा शर्टासारखा झाला होता.

"विसातल्या सोळा," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, मुलांनी काहीतरी चलाखी..."

"चलाखी चुंबकाची आहे," साबणी म्हणाली. आता तिचा आवाज भोळा नव्हता. "तुमची सुई वळते, साहेब. पण वळणं वेगळं आणि ओढणं वेगळं! सगळीकडे जोर सारखा असला की दोन्ही टोकांची रस्सीखेच बरोबरीत सुटते. तार तिथे थांबतच नाही. फिटरकाका, लावा!"

रात्रभर सोड्याच्या पाण्यात घासलेल्या दातेरी पट्ट्या काकांनी दोन्ही चुंबकांवर चढवल्या. खटाक्! खटाक्! उरलेल्या वीस गुलाबी तारा नव्या बादलीत मिसळल्या आणि बादली ओतली. सगळ्यांची चादरीवर झुंबड उडाली. दहा मिनिटं चिवडल्यावर एकच तार सापडली. वर पाहिलं तर दात्यादात्यावर गुलाबी केस उभे होते, आणि त्यांच्यामध्ये रंग न लावलेल्याही कितीतरी तारा होत्या. त्या कोणी टाकल्या नव्हत्या. त्या खाद्यातच होत्या.

मालकीणबाई त्या तारांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "किती गाई?" त्यांनी मावशीला विचारलं.

"चार आजारी पडल्या. एक गेली."

"मला ठाऊक नव्हतं..." साहेब पुटपुटले. "सुई तर वळत होती..."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं हे खरं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही एक पोतं तरी उघडून पाहिलंत? हात घालून?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "यंत्र बंद. सगळ्या गोठ्यांत आत्ताच्या आत्ता फोन करा, आमचं खाद्य जनावरांपुढे टाकू नका म्हणून. गेलेलं प्रत्येक पोतं परत आणायचं आणि दोनदा गाळायचं. गाठी तारा काढूनच यंत्रात जातील. आणि दर पाळीला हे दाते व्यवस्थापक स्वतःच्या हाताने साफ करतील. हातमोजे मी देते."

"आत्तापासून?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नाहीतर कधी!"

कामगारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. साहेबांनी कडक घडीच्या बाह्या वर केल्या. मळी, कुजका भुसा आणि तारांचा तो पुंजका पाहून त्यांनी डोळे मिटले आणि हात घातला.

पोती तीन दिवस येत राहिली. मुलंही तीन दिवस चाळण्या धरून उभी राहिली. वास नाकातून जाईना आणि जेवण घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं पोतं गाळून झालं, तेव्हा दात्यांवरून खरवडलेल्या तारांनी एक तेलाचा डबा काठोकाठ भरला होता. मालकीणबाईंनी सगळ्या कामगारांना बोलावून तो दाखवला.

"हे सगळं जनावरांच्या पोटात गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आपण एवढी माणसं इथे रोज उभी असतो, आणि हे बघायला तीन पोरं यावी लागली." मग त्या मुलांकडे वळल्या. "मुलांनो, मी फार बोलत नाही. पण तुमच्यापुढे आज मला माझीच लाज वाटते, आणि तुमचा अभिमान वाटतो. फिटर, यापुढे या पन्हळीबाबत शेवटचा शब्द तुमचा. पटलं नाही तर यंत्र बंद करायचं, कोणालाही न विचारता."

फिटरकाकांनी ढापण्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याचा चष्मा खाली पडला.

मावशी गोठ्यांची फेरी करून थेट कारखान्यातच आली होती. तिच्या बुटांना शेण होतं, केस विस्कटले होते आणि कित्येक दिवसांनी चेहरा मोकळा होता. "सगळे गोठे पाहून आले. आज एकही जनावर कण्हत नव्हतं," ती म्हणाली. तिने बारकीला उचलून कडेवर घेतलं, ढापण्याचा कान लाडाने ओढला आणि मग साबणीकडे पाहिलं. "ती सुई मीसुद्धा पाहिली होती गं. तिथेच उभी होते. मी मान डोलावून निघून आले. आणि तू, जी कशालाही हात लावत नाही, ती त्या खड्ड्यात खांद्यापर्यंत..."

"मावशी, त्याची आठवण नको काढूस!"

"बरं बाई, नाही काढत." मावशी हसली. मग हसू आवरून, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "उद्या सकाळी काकूंकडे जायचंय. मालकीणबाईही येणार आहेत, माफी मागायला. काय घडलं ते काकूंना नीट समजावून सांगायला हवं. मला वाटतं, ते तू सांगावंस."

साबणीने मान डोलावली. काय सांगायचं ते ती गाडीत बसेपर्यंत मनात जुळवू लागली होती.